पावसाचं शुद्धिपत्र

गच्ची गळत होती यात आप्पांचा काहीही दोष नव्हता, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं ऐकल्यावर गच्चीला भोकंसुद्धा आप्पांनीच पाडली असणार, असा पुष्कळांचा समज होतो.

चार मजले, सोळा बिऱ्हाडं. वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. सगळी इमारत त्यांना गाण्याच्या बाई म्हणायची. पाऊस आला की त्यांच्या दिवाणखान्यात तीन ठिकाणी ठिबकायचं आणि तीन बादल्या लागायच्या. बाईंचा कान फार तयार. "गळण्याचं मी एक वेळ सोसेन हो," त्या म्हणायच्या, "पण मधली बादली बेसूर आहे. तीन वर्षं ऐकतेय मी!"

तर या बेसूर बादलीवर उपाय काढायला रविवारी सकाळी खाली, गाड्या ठेवायच्या जागेत सभा भरली. सोसायटीचे सेक्रेटरी पेशाने दाताचे डॉक्टर होते. कुणी बोलायला तोंड उघडलं की ते सवयीने आत डोकावून बघायचे, त्यामुळे बोलणाऱ्याचा निम्मा धीर तिथेच संपायचा. कंत्राटदारालाही बोलावलं होतं. या गृहस्थाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. काहीही विचारा, तो "होऊन जाईल" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच होऊनजाईल पडलं होतं. त्याने गच्चीवर जाऊन दोन ठिकाणी टाच आपटून पाहिली, खाली आला आणि म्हणाला, "वरचा सगळा थर उखडायचा, नवा घालायचा. होऊन जाईल. फक्त लागोपाठ दहा दिवस कोरडे द्या."

"कुठले दहा?" डॉक्टरांनी विचारलं.

होऊनजाईलने आभाळाकडे बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावर गप्प बसायची वेळ आली होती.

मग सल्ल्यांना ऊत आला. एकाच्या मेव्हण्याच्या इमारतीत म्हणे गच्चीला नुसता पांढरा रंग दिला होता आणि गळणं थांबलं होतं. मेव्हण्याची इमारत पुढे पाडली, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्याचं म्हणणं, छत्र्या आहेत कशाला? तिसऱ्या मजल्यावर इतिहासाचे निवृत्त सर राहायचे, ते कण्हत उठले आणि म्हणाले, "माझा डावा गुडघा थांबला की काम काढा. पाऊस यायचा असला की हा ठणकतो. आजवर चुकलेला नाही."

"आज कसा आहे?"

"ठणकतोय."

"आणि काल?"

"कालही."

तेव्हा आप्पा उठले. उठायच्या आधी त्यांनी चष्मा पुसला, आणि आप्पांनी चष्मा पुसला की इमारतीतली माणसं सावरून बसायची. चौतीस वर्षं एका मोठ्या छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. शेवटची अकरा वर्षं तर मुख्य मुद्रितशोधक. या चौतीस वर्षांत आपल्या हातून एक अनुस्वार निसटला नाही असं ते सांगत, आणि ते खरंही असावं. निवृत्तीनंतर लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. सोसायटीची नोटीस लागली की दहा मिनिटांत तिच्यावर लाल खुणा उमटायच्या. पाणी दोन दिवस येणार नाही याचं कुणाला काही वाटायचं नाही, पण 'दुरुस्ती'तला 'रु' डॉक्टरांनी पुन्हा दीर्घ काढला होता हे मात्र सगळ्यांना कळायचं.

"आपण गुडघ्याला विचारतोय," आप्पा शांतपणे म्हणाले, "आणि याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, हवामान खात्याच्या दीर्घकालीन अंदाज विभागातली शास्त्रज्ञ राहते. माझी सून."

ही बातमी इमारतीला नवी नव्हती. आप्पांना सुनेचा अभिमान होता हे म्हणणं म्हणजे समुद्र ओला आहे म्हणण्यासारखं. ती नोकरीला लागली त्या आठवड्यात आप्पांनी ही गोष्ट दूधवाल्याला, न्हाव्याला, बँकेच्या खिडकीतल्या बाईंना आणि चुकून फोन लागलेल्या एका परक्या माणसाला सांगितली होती. मुलगाही काही वाईट निघाला नव्हता, बोटीवर इंजिनियर होता. पण बोटी काय, कुणीही चालवतं. तीन महिने आधी पाऊस सांगायचा म्हणजे! "बाकीचे उद्याचं सांगतात," आप्पा म्हणायचे, "आमची सून पुढच्या ऋतूचं सांगते." आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

सभेने आप्पांवर काम सोपवलं. त्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी, आप्पांनी सुनेला विचारलं, "काय गं, पुढच्या तीन महिन्यांचं काय म्हणतं तुमचं खातं?"

ती बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी तिला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला परगावी जायचं होतं. हातातला टॉवेल तसाच धरून ती म्हणाली, "पुढच्या तीन महिन्यांत, आपल्या या सबंध पट्ट्यात मिळून, सरासरीपेक्षा कमी पाऊस पडण्याची शक्यता पंचावन्न टक्के आहे, बाबा."

"म्हणजे नाही पडणार."

"नाही, नाही. म्हणजे कमी पडण्याकडे कल आहे. पडेलही. कुठे, कोणत्या दिवशी, ते यात येतच नाही. का विचारताय? यावरून एखादी तारीख-बिरीख ठरवू नका हं, कारण—"

नेमका तेव्हाच बोटीवरून मुलाचा फोन आला. त्याचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा आणि रेंज कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळे सगळं सोडून सगळे तिकडे धावले. 'कारण'च्या पुढचं वाक्य तिथेच राहिलं. आप्पांना ते हवंही नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

सकाळी सून गेली आणि आप्पा खडू घेऊन खालच्या फळ्यापाशी उभे राहिले. आता फळा लहान होता हे मान्य केलंच पाहिजे. वरच्या निम्म्या भागात डॉक्टरांनी 'दात घासा, कीड टाळा' असं कायमचं रंगवून घेतलं होतं. उरलेल्या जागेत एवढं लांबलचक वाक्य बसेना. आप्पांनी 'सबंध पट्ट्यात मिळून' गाळलं, कारण आपण कुठल्यातरी पट्ट्यात राहतो हे सगळ्यांना माहीतच होतं. मग 'सरासरीपेक्षा' गाळलं. टक्केवारी पाहून लोक उगाच बावचळतात, म्हणून तीही गेली. शेवटी सुबक, वळणदार अक्षरात, एकही शुद्धलेखनाची चूक नसलेलं एक वाक्य फळ्यावर उरलं:

'पुढील तीन महिने पाऊस पडणार नाही.'

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या 'ध'चा 'मा' होऊ न देणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने हा केवढा 'मा' केला होता! पण ते वाक्य इतकं शुद्ध होतं की त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटेना.

पुढची पायरी परवान्याची. गच्ची उखडायची म्हणजे राडारोडा निघणार, आणि त्यासाठी नगरपालिकेचा परवाना हवा. आप्पा स्वतः गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. "कामाच्या मुदतीत पाऊस न पडण्याबाबत दाखला जोडा."

"पाऊस न पडण्याचा दाखला?"

"मागच्या वेळी एकाने काम काढलं, पाऊस आला, राडारोडा वाहून आमच्या साहेबांच्या दारात गेला. तेव्हापासून रकाना आहे. हवामान खात्यातून आणा."

आप्पांची छाती फुगली. हवामान खातं म्हणजे घरचंच कार्य. ते थेट सुनेच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाला ओळख सांगितली तेव्हा तो उठून उभा राहिला. "मॅडमचे सासरे तुम्ही? अहो बसा, बसा! चहा घेणार?" चहा आला, बिस्किटं आली. तीन जण येऊन बघून गेले. आप्पांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. मग त्यांनी दाखल्याचं काढलं.

"देतो की," तो माणूस म्हणाला. "कुठल्या तारखेचा हवाय?"

"पुढच्या महिन्याची पाच ते चौदा."

त्याने लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "आप्पासाहेब, आम्ही मागच्या पावसाचा दाखला देतो. पडून गेलेल्या. विम्यासाठी, कोर्टासाठी लोक नेतात. पुढच्या पावसाचा देत नाही."

"मागचा पाऊस मी स्वतः पाहिलाय! त्याला दाखला कशाला?"

"पण पुढचा आम्हीही पाहिलेला नाही ना."

या उत्तरात विचार करण्यासारखं पुष्कळ होतं. पण आप्पा दुखावले होते, आणि दुखावलेला माणूस विचार करत नाही. चहा अर्धा टाकून ते उठले. नगरपालिकेत जाऊन त्यांनी कारकुनाशी पाऊण तास वाद घातला. शेवटी जेवणाची सुट्टी जवळ आल्यामुळे कारकून नरमला. "असं करा, तुम्हीच हमी लिहून द्या."

आप्पांनी तिथेच टेबलावर लिहून दिलं: 'मी, खाली सही करणारा, अशी हमी देतो की, दिनांक पाच ते चौदा या काळात पाऊस पडणार नाही.' खाली सही, पत्ता. दोन साक्षीदार लागत होते, ते रांगेतले घेतले. मोठमोठ्या राजेमहाराजांनी जमिनी लिहून दिल्या असतील. आभाळ लिहून देणारे आप्पा बहुधा पहिलेच.

घरी येऊन त्यांनी हे बायकोला मोठ्या दिमाखात सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, पण ती तर तारीख ठरवू नका म्हणाली होती."

"ती विनयाने म्हणते तसं. मोठी माणसं असंच बोलतात."

फळ्यावरचं वाक्य एव्हाना इमारतीबाहेर गेलं होतं. डॉक्टरांनी दवाखाना रंगवायला काढला आणि रुग्णांना बसायचे चारही सोफे अंगणात आणून ठेवले. तळमजल्यावरच्या आजींनी घरातल्या सगळ्या गाद्या उसवून कापूस उन्हात पसरला. समोरच्या इमारतीने तर त्यांची गच्चीसुद्धा याच मुहूर्तावर काढायचं ठरवलं, आणि त्यांचे सेक्रेटरी आप्पांना हात जोडून सांगून गेले, "तुमच्या सूनबाईंच्या भरवशावर आहोत." आप्पा म्हणाले, "बिनधास्त राहा." इतिहासाचे सर तेवढे गुडघा चोळत म्हणाले, "ठणकतोय हो." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पाच तारखेला काम सुरू झालं. सहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत गच्चीचा सगळा थर उखडून झाला होता आणि आत नुसता उघडा स्लॅब राहिला होता, भेगाभेगांचा. ऊन लख्ख होतं. आप्पा दिवसातून चार वेळा वर जाऊन आभाळ तपासून यायचे, जसं काही प्रूफच आलंय आणि खूण करायला जागा सापडत नाही.

आठ तारखेला पश्चिमेला एक ढग दिसला. काळा, पण लहान. होऊनजाईलने आप्पांकडे पाहिलं.

"तो आपला नाही," आप्पा म्हणाले. "शेजारच्या पट्ट्यातला आहे."

नऊ तारखेला सकाळी दहा वाजता तो शेजारच्या पट्ट्यातून आला आणि येताना सगळे भाऊबंद घेऊन आला. पहिल्या पाच मिनिटांत अंगणातल्या कापसाचा लगदा झाला. डॉक्टरांचे सोफे फुगले. होऊनजाईलने ताडपत्री काढली. तिला इतकी भोकं होती की तिच्यातून गाळून आलेला पाऊस जास्त जोरात पडतोय असं वाटत होतं. "होऊन जाईल," तो म्हणाला, पण अगदी बारीक आवाजात.

गाण्याच्या बाईंकडे आता तीन ठिकाणी नाही, अकरा ठिकाणी ठिबकत होतं, आणि त्यातली चार तर ठिबकणं नव्हतंच, नळ होते. बादल्या, पातेली, फुलदाणी, सगळं लावून झालं. बाईंचा जीव एका गोष्टीसाठी कासावीस झाला होता: पियानो. त्यांच्या गुरूंनी दिलेला, उभा, जुना, शिसवीच्या लाकडाचा. त्याला घरात कोरडी जागा उरली नव्हती.

"खाली माझ्याकडे आणा," इतिहासाचे सर जिन्यातून ओरडले. "माझं घर कोरडं आहे!"

मग दोन मजूर, होऊनजाईल आणि डॉक्टर खालच्या बाजूने, आणि आप्पा एकटे वरच्या बाजूने, असा पियानो निघाला. आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. पण अशा वेळी लांब उभं राहणं त्यांना जमेना. चौथा मजला आणि तिसरा मजला यांच्या मध्ये जिना जिथे वळतो, तिथे पियानो कठड्यात आणि भिंतीत असा अडकला की ना वर जाईना, ना खाली. खालचे चौघे बाजूला झाले. वरच्या बाजूला अडकले आप्पा, गाण्याच्या बाई आणि अकरा धारा.

सूर्य कुठे होता कुणास ठाऊक, पण घड्याळात दुपारचे चार वाजले तरी स्थिती तीच. बाईंनी आप्पांना घरातल्या घरात छत्री दिली आणि चहा केला. चहा पाण्याने वाढत होता. पियानोच्या पलीकडे जिन्यात हळूहळू सगळी इमारत जमली. समोरच्या इमारतीचे सेक्रेटरीही आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. आणि मग जे बोलणं सुरू झालं ते पियानोवरून आप्पांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"आमच्या सहा घरांत पाणी शिरलंय! हे शास्त्रज्ञ!"

"अहो, पगार मिळतो ना महिन्याच्या महिन्याला. पडो, न पडो."

"माझा गुडघा विनापगारी आहे," सर म्हणाले, "पण बघा."

आप्पांना कुणी एक शब्द बोलत नव्हतं. त्यांना बोलले असते तर त्यांनी सोसलं असतं, कदाचित वाक्यातल्या दोन चुकाही दाखवल्या असत्या. पण बोलणी खात होती ती पोर, जी इथे नव्हतीसुद्धा. काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात खालून ओळखीची पावलं वाजली.

प्रशिक्षण संपवून सून परतली होती. हातात बॅग, केसांतून पाणी निथळतंय. दुसऱ्या मजल्यावर घरात न शिरता आवाजाच्या दिशेने ती वर आली.

"आल्या बघा!" कुणीतरी म्हणालं. "काय हो सूनबाई, तीन महिने पाऊस पडणार नव्हता ना?"

"असं मी कुठे म्हणाले?"

"फळ्यावर लिहिलंय की खाली! तुमचे सासरेच लिहून गेलेत, तुमच्या नावाने."

येताना तिने फळा पाहिला होता. ते वळणदार अक्षर या इमारतीत दुसऱ्या कुणाचं असणार? पियानोच्या पलीकडून आप्पा ऐकत होते. एका वाक्यात ती मोकळी होऊ शकत होती.

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडूनच सांगताना गोंधळ झाला असेल. घाईत होते मी. बाबांनी जे ऐकलं तेच लिहिलं. माफ करा."

आप्पांच्या हातातली छत्री खाली पडली.

पुढे काय घडलं ते गाण्याच्या बाई आजही शिष्यांना सांगतात. अडुसष्ट वर्षांच्या आप्पांनी धोतरासारखी पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि ते पियानोवर चढायला लागले. धक्क्याने झाकण उघडलं आणि आप्पांचा पहिला पाय खालच्या सुरांवर पडला, दुसरा वरच्या. सगळ्या जिन्यात असा काही गडगडाट घुमला की खालच्या लोकांना वाटलं वीज पडली. बाईंनी डोळे मिटून घेतले. छप्पर डोक्याला लागत होतं म्हणून आप्पा वर बसले, पाय पलीकडे सोडून, आणि चष्मा पुसला. पुसायला कोरडं कापड नव्हतं, तरी पुसला.

"शुद्धिपत्र!" ते गरजले.

डॉक्टरांनी सवयीने त्यांच्या तोंडात पाहिलं.

"खालच्या फळ्यावर, ओळ पहिली. 'पुढील तीन महिने पाऊस पडणार नाही' याऐवजी, 'पुढील तीन महिन्यांत, या सबंध पट्ट्यात मिळून, सरासरीपेक्षा कमी पाऊस पडण्याची शक्यता पंचावन्न टक्के' असे वाचावे. 'सुनेने सांगितले' असे मी तोंडी सांगत होतो, त्याऐवजी 'सुनेने सांगितले त्यातले मला हवे तेवढेच मी ऐकले' असे वाचावे. 'यावरून तारीख ठरवू नका' हे तिचे वाक्य संपूर्ण गाळले गेले आहे, ते घालून घ्यावे." त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "आणि आत्ता ती जे म्हणाली की गोंधळ तिच्याकडून झाला, ते साफ खोडावे. गाळणारा हात माझा. मूळ प्रत निर्दोष होती."

पाणी पडतच होतं, अकरा वेगवेगळ्या सुरांत.

"आधी खाली या, बाबा," सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "पडाल."

"पडण्याची शक्यता किती टक्के?" आप्पांनी विचारलं, आणि मग मात्र जिन्यात हसू फुटलं. समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी तेवढे हसले नाहीत, पण त्यांच्या घरांतलं पाणी पाहता ते रास्तच होतं.

त्यांना उतरवून घेतल्यावर इतिहासाचे सर पुढे झाले. "ते काही असो. गुडघा बरोबर निघाला."

"सर," सून अदबीने म्हणाली, "मागच्या महिन्यात तो किती दिवस दुखला?"

"रोज. तीसही दिवस."

"आणि पाऊस किती दिवस आला?"

सरांनी बोटं मोजली. "एक दिवस... नाही, दोन."

"मग अठ्ठावीस वेळा चुकला की तो. ते कुणी लिहून ठेवत नाही, एवढंच. आम्हाला लिहून ठेवावं लागतं."

सर गुडघ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जसा काही इतकी वर्षं घरात राहिलेला नातेवाईक खोटारडा निघाला.

मग तिने बॅगेतून फोन काढला, नकाशे पाहिले आणि सगळ्यांना समजेल असं सांगितलं. तीन महिन्यांच्या अंदाजावर धरणातलं पाणी कसं सोडायचं, शेतात काय पेरायचं ते ठरवतात, गच्ची नाही. गच्चीसाठी चार-पाच दिवसांचा अंदाज पाहायचा, आणि पुढे पाहावं तितका भरवसा कमी होत जातो. उद्या दुपारनंतर पाऊस थांबेल, मग निदान चार दिवस कोरडे जातील असं दिसतंय. "सगळी गच्ची एकदम कोरडी ठेवायचा हट्ट का? आता उघडी पडलीच आहे, तर भोकं नसलेल्या ताडपत्र्या आणा, सगळी झाका, आणि चार भाग करून एकेक भाग उघडून पुरा करत जा. दर वेळी मला आधी विचारा."

होऊनजाईलने डोकं खाजवलं. "हे मला आधीच का नाही सुचलं?" तो म्हणाला, आणि सवयीप्रमाणे पुस्ती जोडली, "होऊन जाईल."

झालंही. मध्ये एकदा तिने थांबायला सांगितलं आणि पाऊस आला नाही, तेव्हा काही जण कुरकुरले. आप्पांनी त्यांना फळ्यापाशी नेऊन शक्यता म्हणजे काय ते इतका वेळ समजावलं की पुन्हा कुणी कुरकुर केली नाही. तळमजल्यावरच्या आजींच्या गाद्या त्यांनी स्वतः कापूसवाल्याकडून भरून आणल्या. समोरच्या इमारतीत जाऊन साही घरांची दारं वाजवून माफी मागितली, प्रत्येक घरी तेच शुद्धिपत्र वाचून. चौथ्या घरातल्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा त्यांनी ते दाराच्या फटीतून सरकवलं. नगरपालिकेचंही पत्र आलं: 'आपण हमी देऊनही पाऊस पडला, याबाबत आठ दिवसांत खुलासा करावा.' आप्पांनी खुलासा लिहिला. पाच पानं झाली. कारकुनाने तो वाचला की नाही ठाऊक नाही, पण म्हणतात की अकरावा रकाना आता तिथून काढून टाकलाय.

तीन महिने सरले आणि आकडे आले. सबंध पट्ट्यात पाऊस सरासरीपेक्षा कमीच पडला होता. जो काही पडला त्यातला बराचसा त्या दोन दिवसांत, आणि आप्पांच्या मते खास त्यांच्या गच्चीवर.

त्यानंतर एका रविवारी सून एक जाडसर बाड घेऊन आप्पांच्या खुर्चीपाशी आली. "बाबा, वेळ आहे का? छापायला जायचंय. कचेरीत शुद्धलेखन बघायला कुणी नाही."

"काय आहे?"

"आमचा वर्षाचा अहवाल. वर्षभर जे जे अंदाज दिले त्यातले कुठे, किती चुकले, त्याचा. दरवर्षी काढतो."

आप्पांना नीट कळेना. "चुकलेले? तुमचे तुम्हीच छापता? कुणी पकडायच्या आधी?"

"हो. त्याशिवाय पुढचा अंदाज सुधारायचा कसा?"

चौतीस वर्षांत आप्पांनी नामांकित लेखक पाहिले होते, प्राध्यापक पाहिले होते. शेवटच्या पानावर चार ओळींचं शुद्धिपत्र घालायचं म्हटलं की ही माणसं तांबडीलाल व्हायची, छापखाना डोक्यावर घ्यायची. आणि इथे एकशे बारा पानांचं शुद्धिपत्र, दरवर्षी, आपण होऊन! त्यांनी बाड दोन्ही हातांनी घेतलं.

चार दिवस ते खुर्चीतून हलले नाहीत. प्रत्येक तक्ता वाचला, प्रत्येक टक्का. कुठे अंदाज होता आणि पाऊस आला नाही, कुठे आला आणि अंदाज नव्हता, सगळं सरळ, न लपवता मांडलेलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि चष्मा काढला.

बायको चहा घेऊन आली. "सापडल्या का काही चुका?"

"पुष्कळ!" आप्पा म्हणाले. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता. "पानापानावर आहेत. आणि त्यातली एकसुद्धा काढायची नाही."